एक्सझेडचा चोरदरवाजा आणि कॉन्फिगरचे ‘नाही’



आपल्या मंडळातले निम्मे लोक आयटीत आहेत आणि उरलेल्या निम्म्यांच्या घरात कोणी ना कोणी आयटीत आहे. त्यामुळे आजचा विषय थोडा तांत्रिक असला तरी चालेल, असे धरून चालतो. जे आयटीत नाहीत त्यांनीही पाने उलटू नयेत. बँकेचे व्यवहार, हॉस्पिटलचे रेकॉर्ड, विमानाचे तिकीट हे सगळे ज्या सर्व्हरवर चालते, त्याच सर्व्हरची ही गोष्ट आहे.

२९ मार्च २०२४, गुड फ्रायडे. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरने त्या दिवशी सुरक्षाविषयक मेलिंग लिस्टवर एक पत्र टाकले आणि जगभरच्या सिस्टिम अ‍ॅडमिन मंडळींच्या लाँग वीकएंडवर पाणी पडले. फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये काम करतात आणि पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेसच्या प्रमुख डेव्हलपरांपैकी एक आहेत. पोस्टग्रेसच्या वेगाची मोजमापे घेताना त्यांना दिसले की त्यांच्या डेबियन लिनक्सच्या मशीनवर एसएसएच, म्हणजे दूरवरून लॉगिन करायची सोय, नेहमीपेक्षा जास्त सीपीयू खाते आहे. एरवी सुमारे ०.३ सेकंदात होणाऱ्या लॉगिनला ०.८ सेकंद लागत होते. अर्ध्या सेकंदाचा फरक! शिवाय काही आठवड्यांपूर्वी पॅकेजे अपडेट झाल्यावर व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या टूलने केलेली एक विचित्र तक्रार त्यांच्या डोक्यात राहिली होती. या दोन धाग्यांवरून ते ज्या लायब्ररीपर्यंत पोचले तिचे नाव एक्सझेड.

एक्सझेड हे फाइल लहान करण्याचे, म्हणजे कॉम्प्रेशनचे पॅकेज आहे. झिपचा भाऊ म्हणा. जवळपास प्रत्येक लिनक्स मशीनवर ते असते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. फेब्रुवारी २०२४ मधल्या ५.६.० आणि मार्चमधल्या ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ज्याच्याकडे ठराविक गुप्त किल्ली आहे, त्याला पासवर्डशिवाय एसएसएचमधून थेट सर्व्हरमध्ये शिरून हवी ती कमांड चालवता आली असती. या दोषाला सीव्हीई-२०२४-३०९४ हा क्रमांक मिळाला आणि तीव्रतेत १० पैकी १० गुण.

नशीब असे की तो पकडला गेला तेव्हा फक्त पुढच्या फळीत पोचला होता : डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखा, फेडोरा रॉहाइड आणि फेडोरा ४० ची चाचणी आवृत्ती, ओपनसुसे टंबलवीड वगैरे. डेबियन स्टेबल किंवा रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सपर्यंत, म्हणजे जिथे खरा धंदा चालतो तिथपर्यंत, तो गेला नाही. उबंटूने खबरदारी म्हणून २४.०४ ची बीटा आवृत्ती एक आठवडा पुढे ढकलली आणि पॅकेजे नव्याने बिल्ड केली.

एवढी बातमी त्या वेळी बहुतेकांनी वाचली. चोर सापडला, पॅकेज जुन्या आवृत्तीवर नेले, विषय संपला. पण चोर आत आला कुठून, याकडे आपल्या क्षेत्रातल्या लोकांनीही फारसे लक्ष दिले नाही असे मला वाटते. तो आला बिल्ड कॉन्फिगरेशनमधून. आपण सगळे जो भाग डोळे मिटून चालवतो, नेमका त्यातून.

आचाऱ्याची यादी

जे या क्षेत्रात नाहीत त्यांच्यासाठी थोडे सोपे करून सांगतो. समजा आपल्या गणेशोत्सवाला पाचशे पानांचा स्वयंपाक आहे आणि आचारी प्रथमच या हॉलच्या किचनमध्ये येतो आहे. तो आधी फिरून बघणार. शेगड्या किती, ओव्हन आहे का, मिक्सर आहे का, गरम पाणी येते का. त्याची यादी करणार आणि त्या यादीप्रमाणे बेत ठरवणार. मिक्सर नसेल तर चटणी हाताने वाटणार.

सॉफ्टवेअरचे पॅकेज सोर्स कोडमधून तयार करताना हेच होते. प्रत्येक मशीन वेगळे, कंपायलर वेगळा, लायब्ऱ्या वेगळ्या. म्हणून आधी कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट चालते. ती शेकडो छोटे प्रश्न विचारते आणि पडद्यावर ‘चेकिंग फॉर अमुक... येस’, ‘चेकिंग फॉर तमुक... नो’ अशा ओळी सरसर वर जातात. ही स्क्रिप्ट माणूस हाताने लिहीत नाही. ऑटोकॉन्फ नावाचे टूल ती तयार करते. ऑटोकॉन्फ १९९१ पासून आहे, ऑटोमेक आणि लिबटूल ही त्याची भावंडे, आणि सगळ्यांना मिळून ऑटोटूल्स म्हणतात. त्यातली एम-फोर ही मॅक्रोची भाषा तर १९७७ ची, कर्निघन आणि रिची यांनी केलेली. आता सीमेक, मेसन अशी नवी टूल्स आली आहेत, पण काम तेच.

या टूल्सची प्रश्न विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ‘या मशीनवर अमुक फंक्शन आहे का?’ हे पाहण्यासाठी ती पाच-दहा ओळींचा एक छोटा सी प्रोग्रॅम लिहितात आणि कंपाइल करून बघतात. कंपाइल झाला तर ‘येस’, नाही झाला तर ‘नो’.

आणि गोम इथेच आहे. ‘नो’ची कारणे दोन असू शकतात. एक, ती सोय खरोखरच नाही. दोन, सोय आहे पण प्रश्नच चुकीचा विचारला गेला. मिक्सर ओट्यावर आहे, फक्त प्लग काढलेला आहे. आचाऱ्याने बटण दाबले, सुरू झाला नाही, त्याने यादीत लिहिले ‘मिक्सर नाही’. पुढे चटणी हाताने वाटली, पंगत उठली, सगळे खूश. प्लगचे कोणाला कळणार?

एक टिंब

एक्सझेडच्या प्रकरणात याचे जे उदाहरण सापडले ते मला मुख्य चोरदरवाजापेक्षाही बोलके वाटते. लिनक्समध्ये लँडलॉक नावाची सुरक्षेची सोय आहे. प्रोग्रॅम स्वतःलाच कुंपण घालून घेतो, म्हणजे उद्या त्यात काही बिघाड झाला तरी नुकसान कुंपणाच्या आत राहते. एक्सझेड ही सोय वापरत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘लँडलॉकची तपासणी दुरुस्त केली’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली एक बदल आला. त्यात सीमेकच्या फाइलमधल्या तपासणीच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीवर एकटे टिंब होते. फक्त एक फुलस्टॉप.

त्या टिंबामुळे तो प्रोग्रॅम कुठल्याही मशीनवर कंपाइल होणे शक्यच नव्हते. म्हणजे उत्तर कायम ‘नो’. लँडलॉक असलेल्या मशीनवरही बिल्ड विनातक्रार पूर्ण व्हायचा, पण कुंपणाशिवाय. बहुतेक लिनक्स डिस्ट्रिब्युशन एक्सझेड ऑटोटूल्सने बिल्ड करत असल्यामुळे प्रत्यक्ष नुकसान मर्यादित राहिले. प्रकरण उघडकीला आल्यावर दुसऱ्याच दिवशी एक्सझेडचे मूळ मेंटेनर लासे कोलिन यांनी ते टिंब काढून टाकले.

लक्षात घ्या, हे टिंब लपवलेले नव्हते. ते उघड्या रिपॉझिटरीत, सगळ्या जगाला दिसेल असे होते.

मुख्य चोरदरवाजा मात्र नीट लपवला होता. त्याचे सामान एक्सझेडच्या चाचणीच्या फाइलींमध्ये ठेवले होते. कॉम्प्रेशनच्या पॅकेजात मुद्दाम बिघडवलेल्या फाइली चाचणीसाठी लागतातच, त्यामुळे त्यांच्यात डोकावून बघायचे कोणाला सुचले नाही. पण ते सामान बाहेर काढून लायब्ररीत मिसळणारी ओळ रिपॉझिटरीत नव्हती. ती होती फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, बिल्ड-टू-होस्ट नावाच्या एम-फोर फाइलीत. ऑटोटूल्सच्या जगात तयार झालेली कॉन्फिगर स्क्रिप्ट टारबॉलमध्ये घालून देतात, म्हणजे बिल्ड करणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ नसले तरी अडत नाही. त्यामुळे टारबॉल आणि रिपॉझिटरी यांच्यात फरक असणे हा रिवाजच होता, आणि हजारो ओळींची ती यांत्रिक स्क्रिप्ट कोण वाचणार?

शिवाय ती स्क्रिप्ट हुशार होती. मशीन ६४ बिटचे इंटेल-एएमडी जातीचे आहे का, लिनक्स आहे का, कंपायलर जीसीसी आहे का, आणि डेबियन किंवा आरपीएम पॅकेज तयार होते आहे का, हे सगळे बघून मगच ती कामाला लागायची. घरी बसून सहज बिल्ड करून पाहणाऱ्याला काहीच दिसले नसते. ‘माझ्या मशीनवर तर सगळे ठीक चालते’ हे आपले नेहमीचे वाक्य इथे चोराने स्वतःसाठी वापरून घेतले.

चोर नसतानाही

आता कोणी म्हणेल, अशी चोरी शंभरात एकदा होते, रोजच्या कामात काय फरक पडतो? पडतो. त्याच सुमारास त्याच प्रकारचा बिघाड पूर्णपणे प्रामाणिक कारणाने हजारो पॅकेजांच्या दारात उभा होता.

सी भाषेच्या जुन्या रीतीप्रमाणे एखादे फंक्शन आधी जाहीर न करता वापरले तरी चालत असे. १९९९ च्या सी मानकाने ती सवलत काढून घेतली, पण कंपायलर वर्षानुवर्षे नुसती वॉर्निंग देऊन सोडून देत राहिले. मग २०२३ मध्ये क्लँग १६ ने आणि मे २०२४ मध्ये जीसीसी १४ ने ही चूक थेट एरर धरायला सुरुवात केली. निर्णय योग्यच होता. पण जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टमधल्या त्या छोट्या प्रोग्रॅमांचे काय? त्यातले कितीतरी प्रोग्रॅम योग्य हेडर न घेताच ‘एक्झिट’ वगैरे फंक्शन वापरणारे. कालपर्यंत ‘येस’ येणाऱ्या प्रश्नाला आज ‘नो’ येऊ लागले. मशीन तेच, लायब्ररी तीच, फक्त प्रश्नाचे व्याकरण कंपायलरला पटेनासे झाले.

बिल्ड तुटला असता तर बरे होते, निदान कोणी बघितले असते. पण अनेकदा बिल्ड तुटत नाही, एखादी सोय गुपचूप गळून पडते. फेडोरा आणि जेंटूच्या लोकांनी हे ओळखून कंपायलर बदलायच्या आधीपासून पॅकेजामागून पॅकेज तपासले आणि दुरुस्त्या मूळ प्रकल्पांकडे पाठवल्या. या कामाची बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात आली नाही.

आपण काय करायचे

ज्यांना ऑफिसात अशी बिल्ड सांभाळावी लागतात त्यांच्यासाठी काही गोष्टी. तरुण मंडळींनी कात्रण काढून ठेवायला हरकत नाही.

१. पडद्यावरच्या ‘नो’वर विश्वास ठेवू नका, कॉन्फिग डॉट लॉग ही फाइल उघडा. प्रत्येक प्रश्नाचा छोटा प्रोग्रॅम का नापास झाला आणि कंपायलरने नेमके काय म्हटले, ते तिथे लिहिलेले असते. ‘अशी फाइल नाही’ आणि ‘व्याकरण चुकले’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरे दिसले तर दोष प्रश्नातच आहे.

२. लायब्ररी आहे पण तिची हेडर नाहीत, हे सर्वात नेहमीचे दुखणे. डेबियनमध्ये नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ आणि फेडोरात ‘डेव्हल’ असलेले जोडीचे पॅकेज टाकले की बहुधा काम होते.

३. जी सोय हवीच आहे ती स्पष्ट शब्दात मागा. ‘मिळाली तर घे’ असे कॉन्फिगरवर सोडले तर न मिळाल्याचे कळत नाही. ‘विथ’ किंवा ‘एनेबल’चा पर्याय देऊन मागितली तर बरीच पॅकेजे ती न मिळाल्यास तिथेच थांबतात आणि ओरडतात. ओरडणारी बिल्ड केव्हाही चांगली.

४. जुनी उत्तरे साठवलेली असतात. सीमेकची कॅश फाइल ही नेहमीची गुन्हेगार. कंपायलर किंवा लायब्ररी बदलली की बिल्डचा फोल्डर पूर्ण काढून नव्याने सुरुवात करा.

५. ‘पॉसिब्ली अनडिफाइन्ड मॅक्रो’ असा एरर आला तर घाबरू नका. ज्या एम-फोर फाइलीत तो मॅक्रो आहे ती मशीनवर नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळदा पीकेजी-कॉन्फिग टाकले की भागते.

६. आणि सर्वात महत्त्वाचे : आवृत्ती बदलताना मागच्या चांगल्या बिल्डची येस-नोची यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून ताडून बघा. ऑटोमेटेड बिल्डमध्ये हे एका डिफ कमांडचे काम आहे. कालचा ‘येस’ आज ‘नो’ का झाला, याचे उत्तर मिळेपर्यंत ती बिल्ड पुढे पाठवू नका.

टूल बदलून सुटेल का?

या प्रकरणानंतर एक सूर असा निघाला की ऑटोटूल्स म्हातारी झाली, ती टाकून द्या. त्यात तथ्य आहे. कोणालाही न वाचता येणारी स्क्रिप्ट ही चोराला सोयीचीच. स्वतः फ्रॉइंड यांनीही पोस्टग्रेसमध्ये मेसन आणण्यात पुढाकार घेतला होता आणि २०२३ च्या पोस्टग्रेस १६ पासून ते उपलब्ध आहे. पण ते टिंब सीमेकच्या फाइलीत होते हे विसरून चालणार नाही. प्रश्न विचारण्याची पद्धत तीच असेल तर ‘नो’चा दुहेरी अर्थ नव्या टूलमध्येही राहणारच.

दुसरा सूर, कोणीही बिल्ड केले तरी तंतोतंत तेच उत्पादन यायला हवे, म्हणजे रिप्रोड्युसिबल बिल्ड. चांगली कल्पना, पण विषारी टारबॉलमधून दहा जणांनी बिल्ड केले तर दहाही जणांना तंतोतंत तेच विष मिळेल. टारबॉल रिपॉझिटरीशी ताडून बघणे आणि कॉन्फिगर स्क्रिप्ट स्वतःच्या मशीनवर नव्याने तयार करणे, हे त्याच्या जोडीला हवे.

माझ्या मते मूळ दुखणे माणसांच्या बाजूला आहे. चोरदरवाजा बसवणारा ‘जिया टॅन’ या नावाने वावरत होता. खरा कोण, एकटा की टोळी, हे आजवर उघड झालेले नाही. पण त्याने घाई केली नाही. २०२१ पासून छोट्या छोट्या, उपयोगी दुरुस्त्या पाठवल्या. २०२२ मध्ये लासे कोलिन यांच्यावर इतर काही अनोळखी नावांनी दबाव आणला : कामे इतकी रेंगाळतात का, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती का देत नाही. कोलिन यांनी तेव्हा उघडपणे सांगितले होते की मानसिक स्वास्थ्याच्या अडचणी आहेत आणि हा पगाराशिवाय केलेला छंदाचा प्रकल्प आहे. जगातले बहुतेक सर्व्हर ज्या पॅकेजवर उभे, ते एक माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. मदतीचा हात पुढे करणारा एकच जण मिळाला, आणि तो चोर निघाला.

हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. मंडळाचा हिशेब, हॉलचे बुकिंग, शाळेची पुस्तके वर्षानुवर्षे एकच जण बघतो. उशीर झाला की ईमेलवर चार जण चिडतात. किती जण जाऊन विचारतात की थोडे काम मला दे? तिथे निदान तोंडओळख तरी असते. एक्सझेडच्या बाबतीत कोणी कोणाला पाहिलेलेही नव्हते.

फुकट मिळणाऱ्या पॅकेजांवर आपल्या कंपन्या कोट्यवधी कमावतात आणि आपण त्यांचे पगार घेतो. त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या प्रकल्पाला बग कळवताना ‘अजून दुरुस्त का नाही?’ असे लिहिण्याआधी कॉन्फिग डॉट लॉगचा नेमका तुकडा जोडा, जमल्यास दुरुस्तीही पाठवा. मॅनेजर असाल तर टीममधल्या एकाला महिन्यातून एक दिवस अशा कामासाठी मोकळा करा. सुट्टीच्या दिवशी सगळे सर्व्हर तपासत बसण्यापेक्षा ते खूप स्वस्त पडते.

चोरदरवाजा काढलेली एक्सझेडची ५.६.२ आवृत्ती लासे कोलिन यांनी २९ मे २०२४ रोजी काढली. तुमच्या-माझ्या मशीनवर आज जे एक्सझेड आहे, त्यामागे पुन्हा तेच काम उभे आहे. आणि ते मशीन वाचले कोणामुळे? अर्धा सेकंद उशीर झाला तर ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून न देणाऱ्या एका माणसामुळे. आपल्या बिल्डमध्ये ‘नो’च्या ओळी रोज वर सरकत असतात. त्यातल्या एकीपाशी या आठवड्यात थांबून बघा.